शेवटच्या कडव्यातलं नाव

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण. वेळेअभावी राहून गेलेले एक-दोन मुद्दे स्मरणिकेसाठी जोडले आहेत.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा विषय ठरवूनच आला होता. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल. आमच्या पोरांच्या नोकऱ्या राहणार का जाणार, एवढं सांगून टाक." त्याचं उत्तर मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे असं ते म्हणतात त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही. तेव्हा मी म्हटलं, मी वामनदादा कर्डकांवर बोलते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "अगं, गाण्याचं सत्र संध्याकाळी आहे की." मी म्हटलं, गाणार नाही, बोलणारच आहे, आणि मधे कॉम्प्युटरही येईल. त्या अटीवर मला वीस मिनिटं मिळालीत. बाई समोर बसल्यात म्हणून घड्याळ बघूनच बोलते.

सुरुवात मात्र अमेरिकेतून करावी लागेल. २०१९ साली माझा मुलगा पहिलीत गेला, आणि त्या वर्षी जगभर एक गाणं वाजत होतं, 'ओल्ड टाउन रोड'. लिल नास एक्स नावाच्या विशीतल्या मुलाचं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला हा काळा मुलगा. गाण्यात घोडा, टोपी, बूट, सगळं तिकडच्या खेड्यातलं. आणि म्हणण्याची पद्धत मात्र शहरी रॅपची, म्हणजे ठेक्यावर बोलल्यासारखी. याला तिकडे कंट्री रॅप म्हणतात. गाण्याचा ठेका आणि वाद्यं त्यानं स्वतः केलेली नव्हती. नेदरलँड्समधल्या एका मुलानं घरी कॉम्प्युटरवर करून ऑनलाइन विकायला ठेवलेला ठेका यानं तीस डॉलरला घेतला आणि त्यावर आपले शब्द बसवले. गाणं 'बिलबोर्ड'च्या मुख्य यादीत १९ आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. पण त्याआधी, मार्च २०१९ मध्ये, त्याच बिलबोर्डनं ते कंट्री गाण्यांच्या यादीतून काढून टाकलं होतं. आजच्या कंट्री संगीताचे पुरेसे घटक यात नाहीत, असं कारण दिलं. घोडा आहे, टोपी आहे, पण यादीत बसत नाही! गायक गोरा असता तर घटक पुरले असते का, असं तेव्हा तिकडच्या पुष्कळ लोकांनी विचारलं.

पोरगं दिवसभर ते गाणं म्हणायचं आणि मला राहून राहून आपल्या पूर्णेचे भोंगे आठवायचे. तयार चाल घ्यायची, ती लोकांच्या कानात आधीच बसलेली असते. तिच्यात आपले शब्द, आपल्या गावचे, आपल्या भाकरीचे ठासून भरायचे. शेवटी स्वतःचं नाव घालायचं. आणि मग कुणीतरी वरून म्हणायचं की हे गाणं ठीक आहे हो, पण याला कविता म्हणता येणार नाही. असा एक माणूस आपल्याकडे ऐंशी वर्षांपूर्वी हेच करत होता.

वामन तबाजी कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात, देशवंडी गावी. तरुणपणी पोटासाठी आईबरोबर मुंबईला आले. तिथं त्यांनी काय काय केलं याची यादी वाचली की आपल्या रेझ्युमेची लाज वाटते: गिरणीत काम, कोळशाच्या वखारीत कोळसा उचलणं, खडी फोडणं, मातीकाम, चिक्की विकणं, आइसफ्रूट विकणं. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहायचे आणि समता सैनिक दलात होते.

आणि या माणसाला लिहिता-वाचता येत नव्हतं. चाळीत कुणीतरी एकदा पत्र घेऊन आलं, वाचून दाखवा म्हणालं, आणि यांना वाचता येईना. ती गोष्ट मनाला लागली. देहलवी नावाच्या गृहस्थांकडून त्यांनी अक्षरं शिकून घेतली. जोडाक्षरं शिकले ती दुकानांच्या पाट्या वाचून. मराठीच्या बाई, तुम्ही आम्हाला शुद्धलेखनाच्या दहा-दहा ओळी लिहायला लावायच्या, तेव्हा हा माणूस माहीत असता तर आम्ही म्हटलं असतं, बाई, आम्हाला नुसतं स्टेशन रोडनं फिरवून आणा.

१९४३ सालच्या ३ मे रोजी त्यांनी पहिलं गाणं रचलं. हिंदी सिनेमातल्या एका गाण्याच्या चालीवर, विडंबनाच्या अंगानं. लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि आपल्याला हे जमतं हे त्यांना कळलं. त्याच वर्षी त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांना पाहिलं, ऐकलं. तिथून पुढं साठ वर्षं हा माणूस दुसरं काही करत नव्हता म्हटलं तरी चालेल. गावोगाव जायचं, कार्यकर्त्याच्या घरी उतरायचं, रात्री गायचं, सकाळी पुढच्या गावाला. त्यांची गाणी दहा हजारांच्या आसपास असावीत असं सांगतात. मी आकड्यांची बाई आहे, म्हणून भागाकार केला: साठ वर्षं सलग, साधारण दर दोन दिवसांनी एक गाणं. हे शक्य आहे का? आपल्याला वाटतं गाणं लिहायचं म्हणजे कागद, पेन, एकांत. त्यांना ते कधीच लागलं नसावं.

आता चालीचं बघा. दुसऱ्याच्या चालीवर गाणं रचलं की आपल्याकडे नाक मुरडतात. मला स्वतःला त्यात फार हुशारी दिसते. खेड्यात रात्रीच्या कार्यक्रमाला एक ढोलकी, एक पेटी, चार कोरसवाले. सराव करायला वेळ नाही, कारण कुणी दिवसभर रोजंदारीवर, कुणी रेल्वेच्या ड्युटीवर. नवीन चाल बसवायची तर आठ दिवस जातात. सिनेमातली चाल पेटीवाल्याला आधीच येते, कोरसला येते, समोर बसलेल्या बायांनाही येते. म्हणजे ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष शब्दांकडे मोकळं राहतं. आम्ही प्रोग्राम लिहितो तेव्हा तयार लायब्ररी घेतो आणि आपलं डोकं आपल्याला जे नवीन सांगायचंय तिथं लावतो. त्याला कुणी चोरी म्हणत नाही.

बरं, स्वतंत्र गाणं त्यांना जमत नव्हतं असंही नाही. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका' या सिनेमासाठी त्यांनी गाणं लिहिलंय, आणि तो सिनेमा किती चालला हे आपल्या आधीच्या पिढीला विचारा. सिनेमाचा रस्ता त्यांना दिसला होता. पण ते परत ढोलकी-पेटीकडेच गेले.

शब्दांबद्दल एकच सांगते. त्यांचं एक गाणं आहे, त्यात ते मोठ्या उद्योगपतींची नावं घेऊन सरळ विचारतात की धनाच्या साठ्यात आमचा वाटा कुठं आहे. दुसरं एक असं आहे की बाबासाहेबांच्या विचाराची खरोखरची पाच माणसं जरी असती तर काय झालं असतं. पहिलं गाणं वरच्यांना टोचतं, दुसरं समोर बसलेल्यांना. समोर बसलेले कोण? ज्यांनी वर्गणी काढून बोलावलं, जेवू घातलं, ते. त्यांच्याच तोंडावर हे म्हणायचं आणि त्यांनी पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा असा आग्रह धरायचा. आजचे रॅपवाले स्वतःला बिनधास्त म्हणवतात. त्यांनी हे जमवून दाखवावं.

आणि रॅपमध्ये दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांना शब्दांनी चीत करतात, त्याला बॅटल म्हणतात, हे नवीन पोरांना फार भारी वाटतं. आपल्याकडे शाहिरांचा कलगी-तुरा होता. तमाशात सवाल-जवाब होते. आणि जयंतीला दोन गायन पार्ट्यांचा मुकाबला लागायचा, एक पार्टी या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात, पहाटेपर्यंत. वरच्या पार्टीनं प्रश्न टाकला की खालच्या पार्टीनं त्याच चालीत, तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. तुमच्यापैकी किती जण रेल्वे क्वार्टरच्या भिंतीवर बसून ते ऐकायचे हे मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला डुलक्या घेणाऱ्यांची नावं मी घेत नाही.

मुंबईत 'स्वदेसी' नावाच्या रॅपवाल्या मुलांच्या गटानं २०१९ मध्ये आरे जंगलातल्या प्रकाश भोईर या वारली गायकाबरोबर 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं केलं. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आपलं नाव इंग्रजीत १००, म्हणजे हिंदीतले 'सौ', आणि पुढे 'आर-बी-एच' असं लिहितो. माझ्या मुलाला हे दोन्ही मीच ऐकवले. त्यानं विचारलं, यांना हे कुणी शिकवलं? शिकवायला कशाला लागतं. ज्या वस्तीत ही मुलं वाढली तिथं हे पाण्यासारखं मिळतं.

आता घरचं बोलते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माझे वडील माहीत आहेत. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. रेल्वेत खलाशी. तेव्हाची पूर्णा म्हणजे रेल्वेच होती. मनमाड-सिकंदराबादची लाइन इथून जाते, अकोल्याकडची छोटी गाडी इथून सुटायची, आणि निम्म्या वर्गाचे बाप कुठल्या ना कुठल्या शिफ्टला असायचे. आप्पा ड्युटी करून पार्टीत पेटी वाजवायचे आणि गायचे. वामनदादांची गाणी त्यांना किती पाठ होती याचा हिशेब नाही. वहीत एकही नव्हतं. मी एकदा विचारलं, लिहून का ठेवत नाही, तर म्हणाले, "लिहिलेलं इसरतं."

मी नांदेडला इंजिनिअरिंग केलं आणि पुण्याला नोकरीला लागले. १५ मे २००४ ला वामनदादा गेले, तेव्हा आप्पांनी फोन केला होता. एसटीडी बूथवरून. फार काही बोलले नाहीत. एका कडव्याचा अर्धा भाग म्हटला आणि "पुढचं येत नाही आता" म्हणून फोन ठेवला. त्यांना येत नव्हतं असं कधी होत नसे.

चार वर्षांपूर्वी आप्पा गेले. मायनं लोखंडी पेटी उघडली, त्यात कपड्यांखाली कॅसेटी. एकूण ४३. काहींवर निळ्या शाईत गाव आणि तारीख, काहींवर काहीच नाही, दोनांवर माझ्या हस्ताक्षरात 'भूमिती प्रमेय', कारण मी पाठांतरासाठी रेकॉर्ड केलं होतं आणि आप्पांनी माझ्या प्रमेयावर भीमगीत भरलं होतं. पायथागोरस अर्ध्या वाक्यात थांबतो आणि ढोलकी सुरू होते. भूमितीचे सर हसतायत. सर, तुम्हाला ती ऐकवते नंतर.

या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायचं काम मी गेली तीन वर्षं शनिवार-रविवार करते आहे. वाटतं तेवढं सोपं नाही. एक तासाची कॅसेट घ्यायला एक तासच लागतो, तिथं कितीही वेगवान मशीन उपयोगाचं नाही. काहींना बुरशी लागलेली, काहींतला फोमचा तुकडा झिजून गेलेला, एकीची फीत आतल्या आत चिकटलेली. पण खरी अडचण वेगळी निघाली. आवाज बरोबर नव्हता. १४ जानेवारी १९९४ ची कॅसेट लावली. ही तारीख इथं बसलेल्या कुणाला सांगायला नको. त्या दिवशी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळात ठराव झाला, त्यानंतर गावोगाव घरं जळाली, माणसं मारली गेली, आणि नाव लागायला साडेपंधरा वर्षं लागली. आपण तेव्हा आठवीत होतो. त्या रात्री पार्टी गायली आणि आप्पांनी ती रेकॉर्ड केली. आणि आता कॅसेटीतून जो आवाज येत होता तो बारीक, चिरका, घाईत असलेल्या माणसाचा. मी म्हटलं हे आप्पा नाहीत.

होतं असं की रेकॉर्ड करताना टेपरेकॉर्डरची मोटर हळू चालत असेल, तर ती कॅसेट चांगल्या मशीनवर लावली की पट्टी चढते. ती दुरुस्त करता येते, पण किती चढलीय हे कळायला काहीतरी पक्कं माप हवं. याची एक ठरलेली युक्ती आहे. टेपरेकॉर्डर विजेवर चालत असेल तर विजेची बारीक गुणगुण फितीवर उमटते. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, म्हणजे ती गुणगुण ५० वर पाहिजे. माझ्या कॅसेटीत ती ५२.४ वर होती. भागाकार केला, वेग तेवढा कमी केला. आवाज सुधारला, पण तरीही आप्पा नव्हेत.

मग लक्षात आलं की १९९४ साली वीज तरी कुठं धड ५० वर होती. तेव्हा मागणी जास्त, निर्मिती कमी, संध्याकाळी अख्खं ग्रिड खाली यायचं. ४९ आणि त्याच्याही खाली जाणं नेहमीचं होतं. ते शिस्तीत आलं २००२ नंतर. म्हणजे माझं मापच खोटं होतं. दुसरं माप कुठून आणणार? ते मायच्या खोलीतच होतं, फडक्यात गुंडाळलेलं: आप्पांची पेटी. मायनं सांगितलं, ते नेहमी काळी चारला गायचे. मी पूर्णेला आले, पेटी उघडली, काळी चार दाबली आणि मोबाईलवर मोजली. मग कॅसेटीतल्या पेटीशी ताडून पाहिली. फरक साडेसहा टक्के निघाला. तेवढा वेग कमी केला, तर विजेची गुणगुण आपोआप ४९.२ वर आली, जी त्या काळच्या थंडीतल्या रात्रीसाठी अगदी पटण्यासारखी आहे. दोन्ही मापं एकमेकांना धरून बसली.

आणि मग स्पीकरमधून आप्पा गायला लागले. माय भांडी घासत होती. ती हात न धुता बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

त्या कॅसेटीच्या दुसऱ्या बाजूला, शेवटून दुसरं, एक गाणं आहे. विद्यापीठाच्या कमानीवरचं. चाल तेव्हा गाजत असलेल्या एका हिंदी सिनेमातली. शेवटच्या कडव्यात नाव येतं, 'वामन'. वामनदादांच्या बहुतेक गाण्यांत ते तसंच येतं, शेवटच्या कडव्यात. ही आपली जुनी रीत आहे. तुकोबांनी तेच केलं, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईनंही तेच केलं. कारण साधं आहे. गाणं कागदावरून जात नाही, तोंडातून तोंडात जातं. आम्ही फाइल पाठवतो तेव्हा कुणी केली, कधी केली ही माहिती फाइलच्या बाहेर चिकटवलेली असते आणि ती पहिल्यांदा गळून पडते. यांनी नाव यमकातच विणून टाकलं. नाव काढायचं तर कडवं मोडतं. मला तर वाटतं आमच्या क्षेत्रात इतकी चांगली युक्ती अजून कुणाला सुचलेली नाही. आणि म्हणूनच इतक्या पार्ट्यांनी, इतक्या कॅसेट कंपन्यांनी ती गाणी गायली तरी, कव्हरवर कवीचं नाव छापलेलं असो नसो, गाण्यात ते राहिलंच.

पण हे कमानीवरचं गाणं मला कुठंच सापडेना. 'वाटचाल' हा त्यांचा पहिला संग्रह १९७३ चा, 'मोहळ' १९७६ चा, 'हे गीत वामनचे' १९७७ चा. ते तर नामांतराच्या आधीचेच. नंतरची छापील गाणी जमेल तेवढी धुंडाळली. ज्यांना विचारायचं त्यांना विचारलं. नाही. मग एके दिवशी माय सहज म्हणाली, "ते तर तुह्या बापानंच जोडलं होतं. त्या दिवशी दुपारी, ड्युटीवरून आल्यावर. जेवला बी नव्हता."

मी म्हटलं, मग नाव वामनदादांचं कसं?

"मंग काय सवताचं घालावं?"

पार्टीतले कोरसचे एक काका अजून आहेत, त्यांना जाऊन भेटले. ते म्हणाले, छे, ते दादांचंच. आम्ही जालन्याकडं एका कार्यक्रमाला गेलो होतो तिथं ऐकलं, तुझ्या बापाला एकदा ऐकलं की पाठ व्हायचं. काकांचं वय ऐंशीच्या पुढं. मायचं त्र्याहत्तर. दोघंही ठाम.

तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो? मला पडतो. मी या सगळ्या गाण्यांची एक यादी करते आहे. प्रत्येक गाण्यासमोर गायक, ठिकाण, तारीख, चाल, आणि एक रकाना 'रचना'. तिथं मी आप्पांचं नाव लिहिलं आणि ते गाणं वामनदादांचं असेल, तर ज्या माणसाचं नाव आधीच इतक्या कव्हरांवरून गळलंय त्याचं आणखी एक गाणं मी, खुद्द त्यांच्या पेटीवाल्याची मुलगी, काढून घेतलं असं होईल. आणि वामनदादांचं लिहिलं आणि माय खरं सांगत असेल, तर माझ्या बापानं आयुष्यात केलेलं एकुलतं एक गाणं माझ्याच हातानं पुसलं जाईल. ज्यानं दहा हजार केली त्याला एक कमी पडलं तर काय झालं, असं माझा भाऊ म्हणतो. तो अकाउंट्समध्ये आहे, त्याला असं म्हणता आलं याचं मला नवल वाटतं.

कॉम्प्युटरला विचारून पाहिलंत का, असं मला ऑफिसात विचारलं. विचारलं. आपल्या संयोजकांना हवा होता तो एआयचा भाग हा एवढाच. आवाजाचं अक्षरात रूपांतर करणारा प्रोग्राम ढोलकी सुरू झाली की गांगरतो आणि 'तुह्या' 'मह्या' आलं की तिसरंच काही लिहितो. शब्दांच्या लकबीवरून कवी ओळखायचा तर त्याला दोन्ही कवींची पुष्कळ गाणी द्यावी लागतात. वामनदादांची देता येतील. आप्पांचं, असलंच तर, एकच आहे.

१९९३ मध्ये वर्ध्याला पहिलं अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष वामनदादा होते. पाट्या वाचून जोडाक्षरं शिकलेला माणूस साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. आपली यादी आपणच करायची, असं लोकांनी ठरवलं तेव्हा ते झालं. त्यापुढच्याच जानेवारीत ही कॅसेट भरली गेली.

तूर्त मी त्या रकान्यात आप्पांनी म्हटलंय तेच लिहून ठेवलंय: वामन. शेजारी टिपेत मायचं म्हणणं आणि काकांचं म्हणणं, दोन्ही, त्यांच्याच शब्दांत. दुसऱ्या कुठल्या गावच्या, दुसऱ्या कुठल्या पार्टीच्या कॅसेटीत हे गाणं १४ जानेवारीच्या आधीच्या तारखेनं सापडलं तर काका बरोबर. मी शोधते आहे. सापडावं असं मला वाटतं की सापडू नये, हे मला अजून सांगता येत नाही.

आणि म्हणून मी आज बोलायला आले. आपल्या बॅचमधल्या निदान सात-आठ जणांच्या घरी असा पेटारा आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. कुणाचे काका पार्टीत होते, कुणाच्या दुकानात कॅसेटी भरून मिळायच्या, कुणाच्या वाड्यात भजनी मंडळ होतं. भजन असो, भारूड असो, कव्वाली असो, लग्नातली बायांची गाणी असोत. मी फक्त भीमगीतं घेणार असं अजिबात नाही. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, पालम, जिथं असाल तिथून पाठवा किंवा मी येऊन घेऊन जाते. कॅसेट तुमची तुम्हाला परत मिळेल, सोबत पेन ड्राइव्हवर आवाज. पैसे नकोत.

तीन गोष्टी पाळा. घरातल्या जुन्या टेपवर लावून बघू नका, फीत गुंडाळली तर गेली. उन्हात वाळवू नका. आणि त्या घरात पेटी असेल, तिच्या भात्याला भोकं पडलेली का असेनात, ती भंगारात देऊ नका. तिच्या एका पट्टीचं मला माप लागतं.

जेवणाच्या मंडपात हात धुवायच्या जागेशेजारी मी टेबल टाकलंय. वही ठेवलीय. नाव, गाव, कॅसेटी किती, आणि गाणारं माणूस अजून आहे का, एवढं लिहा. शेवटचं आधी लिहा.